आत्याच्या ट्रंकेतले रेशमी स्कार्फ : खरे कसे ओळखायचे, किंमत कशी ठरवायची?

काठपदर
१२ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते आहे, मदत हवी आहे.

माझी आत्या साठ-सत्तरच्या दशकात एअर इंडियात हवाई सुंदरी होती. गेल्या वर्षी ती गेली. दादरचं घर रिकामं करताना पलंगाखाली पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात जुन्या धोतराच्या मऊ कापडात गुंडाळलेले चौदा रेशमी स्कार्फ. लहानपणी ती आम्हाला ते लांबूनच दाखवायची, हात लावू द्यायची नाही. स्कार्फ किंवा रुमाल असं कधी म्हणायची नाही. ‘माझे चौकोन’ म्हणायची.

जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ भांडी-फर्निचर बघायला आले होते. त्यांनी ट्रंक दोन मिनिटं चाळली आणि सगळ्या गठ्ठ्याचे सात हजार देतो म्हणाले. चुलतभाऊ लगेच तयार झाला. मी पंधरा दिवस मागून घेतले आहेत. पैशाची निकड नाही, पण काय आहे हे न कळता ते घरातून जाऊ नये, एवढंच वाटतं.

दोन-तीनांवर इंग्रजी अक्षरं दिसतात. एकावर घोड्याचे दोन लगाम समोरासमोर काढले आहेत, त्यावर ‘एर्मेस’ असं नाव आहे. आणखी एकावर तेच नाव आहे, पण तो हाताला वेगळा लागतो. एकावर नुसती फुलं आहेत, एकावर ‘ऑल सिल्क, मेड इन जपान’ अशी चिठ्ठी. बाकीच्यांवर काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

---

ल्योंकर
१२ जुलै, रात्री ११:०५

काठपदर, सर्वात आधी विनंती: धुऊ नका, इस्त्री करू नका, उन्हात टाकू नका. तीन्ही गोष्टी आपण जुनं कापड दिसलं की आपसूक करतो.

मी अकरा वर्षं फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये जसा हापूस निघतो, तसा इथे कुठल्याही गप्पांत रेशमाचा विषय निघतो. इथल्या क्रुआ-रूस टेकडीवर विणकरांची वस्ती होती. उंच माग मावावेत म्हणून घरांची छतं उंच बांधलेली आहेत, ती अजून दिसतात. एर्मेस या पॅरिसच्या पेढीचे स्कार्फ ल्योंच्या परिसरातच छापले जातात, पॅरिसमध्ये नाही. त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात दर आठवड्याला कुणी ना कुणी ते हातात घेऊन घासाघीस करत असतं, आणि मी शेजारी उभा राहून शिकत गेलो.

तुमच्या आत्याचा शब्द वाचून मला फार आनंद झाला. फ्रेंचमध्ये या स्कार्फला ‘कारे’ म्हणतात. कारे म्हणजे चौकोनच. दुकानात ऐकलेल्या शब्दाचं त्यांनी सरळ मराठी केलं होतं.

आता कामाचं. बहुतेक लोक आधी नाव वाचतात. नाव सर्वात शेवटी वाचा. नाव छापायला काही लागत नाही, कड करायला लागतं. म्हणून पहिल्यांदा कड बघा.

एर्मेसच्या चौकोनाची कड हाताने वळलेली असते. कापडाची किनार मागून पुढे, म्हणजे छापील बाजूकडे वळवून तिची बारीक गोल नळी करतात आणि आतून टाके घालतात. स्कार्फ सुलटा ठेवला की ही नळी वरच्या बाजूला दिसली पाहिजे. ती फुगीर हवी, चपटी नको. दोरा कडेच्या रंगाचा असतो. टाक्यांमधलं अंतर जवळपास सारखं, पण मशीनसारखं काटेकोर नाही. बऱ्याच नकलांत नळी उलट्या बाजूला वळलेली असते किंवा सरळ मशीन मारलेली असते.

चौदाही काढा, स्वच्छ चादरीवर पसरा, नावं झाका आणि नुसत्या कडा बघून त्यांचे दोन ढीग करा. हाताच्या कडा एकीकडे, मशीनच्या दुसरीकडे. मग पुढे बोलू.

---

टाकाधागा
१३ जुलै, सकाळी ७:४०

ल्योंकरांचं पटलं. मी नाशिकला तीस वर्षं शिवण शिकवलं, त्यामुळे कडेबद्दल दोन शब्द.

आपल्याकडे साडीला पिको करतात, तो मशीनचा झिगझॅग असतो. बोट फिरवलं की खरखर लागते आणि दोरा दोन्ही बाजूंनी सलग दिसतो. इंटरलॉक ओळखायला तर बोटही लागत नाही. हाताची गोल दुमड वेगळी. अंगठा आणि पहिलं बोट किंचित ओलं करून किनार वळायची, सुई नळीच्या आतून सरकवायची, बाहेर काढून खालच्या कापडाचा एकच तंतू उचलायचा आणि पुन्हा नळीत शिरायचं. चार-पाच टाके झाले की दोरा हलकेच ओढायचा. कड आपोआप आत वळून बसते आणि दोरा लपतो. उलट्या बाजूला तेवढे सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. मला ओढणीच्या एका बाजूला पाऊण तास लागायचा आणि विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी सोडून द्यायच्या.

कोपरे जरूर बघा. मशीनवाला कोपऱ्यावर कापड दुमडून पुढे जातो, तिथे गाठ येते. हातवाला कोपऱ्याशी थांबतो, वळण देतो, टोक निमुळतं ठेवतो. माणसाचा हात कोपऱ्यावर सर्वात स्पष्ट दिसतो.

---

काठपदर
१३ जुलै, रात्री ९:३०

तुम्ही सांगितलं तसं केलं. भाचीला बोलावलं, तिने टॉर्च धरला, मी आजोबांचं भिंग घेतलं. दोन तास कसे गेले कळलं नाही.

चौदापैकी सहा हाताच्या कडेचे निघाले. आठ मशीनचे.

लगामाच्या चौकोनाची कड भिंगाखाली पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. नळी छापील बाजूलाच आहे, गव्हाच्या शेवईएवढी जाड, अजून फुगीर. तीन बाजूंचे टाके सारख्या अंतरावर आहेत. चौथ्या बाजूला मधेच पाच-सहा टाके दाट येतात, जणू कुणीतरी थांबून पुन्हा सुरुवात केली. कोपरे टाकाधागा ताईंनी सांगितले तसे, निमुळते.

दुसरा ‘एर्मेस’ मात्र मशीनचा. कड चपटी, मागे दुमडलेली, दोरा पांढरा.

जपानचा चिठ्ठीवाला हाताच्या कडेचा आहे, हे अपेक्षित नव्हतं. आणि फुलांचाही. फुलांच्या कोपऱ्यात बारीक सही सापडली: ‘व्ही. आकोर्नेरो’.

---

ल्योंकर
१३ जुलै, रात्री ९:५०

फुलांचा तो चौकोन बाजूला ठेवा, घडी घालू नका! व्हित्तोरिओ आकोर्नेरो हे इटालियन चित्रकार. त्यांनी १९६६ साली गुच्ची या इटालियन फॅशन पेढीसाठी ‘फ्लोरा’ हे चित्र केलं. मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस केली मिलानच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांना भेट द्यावी म्हणून रोदोल्फो गुच्चींनी ते करवून घेतलं. ऋतूंची फुलं, मधे फुलपाखरं, भुंगे, चतुर. पांढऱ्या जमिनीवर फुलांचे गुच्छ आहेत का? ‘गुच्ची’ हे नावही कुठेतरी छापलेलं असेल, शोधा.

आता लगामवाल्याबद्दल. चित्राचं नाव ‘ब्रीद द गाला’, म्हणजे समारंभाचे लगाम. चित्रकार ह्यूगो ग्रिगकार, साल १९५७. एर्मेसचं घराणं मुळात घोड्याच्या साजाचं, १८३७ पासूनचं. स्कार्फ आला बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ साली, रोबेर द्यूमांच्या पुढाकाराने. पहिल्या स्कार्फवर घोड्यांच्या ऑम्निबस गाड्यांचा एक जुना पटावरचा खेळ होता. ग्रिगकारांनी पुढे वीसेक वर्षं एकामागून एक चित्रं दिली आणि ‘ब्रीद द गाला’ त्यातलं सर्वात गाजलेलं.

पण इथेच बरेचजण फसतात. चित्राचं साल आणि स्कार्फचं साल एक नसतं. हे चित्र नव्या नव्या रंगांत पुन्हा पुन्हा छापलं गेलं आहे. ‘१९५७ चा स्कार्फ’ म्हणून विकायला ठेवलेले कितीतरी नंतरचे असतात. तुमचा १९५७ नंतरचा आहे, एवढंच आत्ता म्हणता येईल.

आता छपाई तपासा. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी असते. चित्र उतरवून घेणारा कारागीर एकेक रंग वेगळा काढतो आणि त्याची जाळी बनते. एका चौकोनात सरासरी तीसेक रंग असतात, काहींत चाळीसच्या वर. लांब टेबलावर कापड ताणून एकेक जाळी पुढे सरकवत छापतात. मग वाफ देऊन रंग पक्का करतात, नंतर धुतात. इतक्या जाळ्या एकमेकींवर अचूक बसाव्या लागतात. लगामाच्या बकलाजवळ बघा: काळी रेघ आणि सोनेरी रंग यांच्यात पांढरी फट दिसते का? रंग रेघेबाहेर गेला आहे का? मग उलटा करा. खऱ्याची मागची बाजू थोडी फिकी असते, पण चित्र पूर्ण वाचता येतं. रंग रेशमात उतरलेला असतो. नकलेत तो वरवर बसतो आणि मागे धूसर पांढुरका दिसतो.

हे सगळं झालं की मग नाव. एच-ई-आर-एम-ई-एस यातल्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे दुसऱ्या ‘ई’वर, डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ हवी. मशीनवाल्यावर ती आहे का?

---

काठपदर
१३ जुलै, रात्री १०:३०

मशीनवाल्यावर रेघच नाही! उलटी बाजूही जवळजवळ पांढरी आहे. आत्या हाँगकाँगलाही जायची, तिथून आणला असावा.

लगामवाल्यावर रेघ आहे, तुम्ही म्हणता तशीच उतरणारी. मागची बाजू सुलटीइतकीच सुंदर. टॅग मात्र नाही. हे वाईट का?

---

ल्योंकर
१३ जुलै, रात्री १०:४०

वाईट नाही. जुन्या चौकोनांना धुण्याच्या सूचनांचा टॅग नसायचा. नंतरच्यांना असतो आणि तो टोचतो म्हणून लोक कापून टाकतात. कापला असेल तर कडेजवळ सुईची बारीक छिद्रं राहतात. ती दिसली नाहीत तर स्कार्फ जुना असण्याची शक्यता वाढते.

नारिंगी डबा नाही म्हणूनही हिरमुसू नका. तो रंग मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत आला, नेहमीचा पुठ्ठा मिळेना तेव्हा जो मिळाला तो नारिंगी होता. आज रिकामे डबे वेगळे विकत मिळतात. डब्यावरून आतला माल ठरत नाही.

---

येवलेकर
१४ जुलै, सकाळी ११:१५

आमच्या घरात पैठणीचे माग आहेत. स्कार्फमधलं मला कळत नाही, रेशीम कळतं. खरं रेशीम मुठीत दाबलं की सळसळ आवाज येतो. अंगठीतून सरकतं. गालाला लावलं की आधी थंड लागतं, मग लगेच ऊब घेतं.

---

रसायनवाला
१४ जुलै, दुपारी १:००

येवलेकर, तुमच्या हाताला जे कळतं ते आमच्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासाने कळतं, यात शंका नाही. मी इचलकरंजीला प्रोसेस हाउसमध्ये रंगाईत तेवीस वर्षं काढली. तरी दोन खुलासे करतो, कारण नव्या माणसाची फसगत होऊ शकते.

सळसळ ही रेशमाची उपजत नाही. रंगाईनंतर सौम्य आम्लाच्या पाण्यातून काढलं की ती येते. तशी प्रक्रिया न केलेलं अस्सल रेशीम मुकं असतं. आणि अंगठीतून पॉलिएस्टरची जॉर्जेटही सर्रकन जाते. ते तलमपणाचं लक्षण आहे, रेशमाचं नाही.

भरवशाची चाचणी जाळण्याची, पण स्कार्फची नाही, फक्त सुट्या तंतूची. कडेला एखादा तंतू सुटला असेल तर चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. रेशीम केसासारखं जळतं, केस जळल्यासारखाच वास येतो, ज्योत काढली की बहुतेक विझतं आणि उरलेली काळी राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखं जळतं. सुटा तंतू नसेल तर ही चाचणी सोडून द्या. कड उसवून तंतू काढू नका.

भिंग आहे तर वीण बघा. हे चौकोन ट्विलचे, म्हणजे तिरप्या विणीचे. पृष्ठभागावर बारीक तिरप्या रेघा सलग दिसल्या पाहिजेत.

आणि वजन करा. ९० गुणिले ९० सेंटिमीटर म्हणजे ०.८१ चौरस मीटर. असा चौकोन साधारण ६५ ग्रॅम भरतो. म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. रेशमाच्या व्यापारात मॉमी हे माप चालतं, एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. हिशेब केला तर १८ मॉमीच्या जरा वर येतो. स्वस्त स्कार्फ आठ-दहा मॉमीचे असतात, म्हणून हातात घेतले की हवेसारखे वाटतात. स्वयंपाकघरातला काटा चालेल, सोनाराचा मिळाला तर उत्तम.

---

लंडनकर
१४ जुलै, संध्याकाळी ६:४५

काठपदर, बाकीच्या हाताच्या कडेच्यांत इंग्लिश माल आहे का बघा. आत्या लंडनला उतरत असणारच. ‘जॅकमार’ हे नाव दिसलं तर मला लगेच कळवा. महायुद्धाच्या काळात लंडनच्या या पेढीने युद्धप्रचाराचे स्कार्फ काढले होते, बरेचसे आर्नल्ड लीव्हर यांनी रेखाटलेले. त्यांना इथे मोठी मागणी आहे, कारण त्या वर्षांचं रोजचं जगणं त्यांच्यावर आहे.

‘लिबर्टी’ असेल तर कोयऱ्या असतील. हे दुकान १८७५ चं, रीजंट स्ट्रीटवरचं. सुरुवातीच्या काळात ते हिंदुस्थानातलं टसर रेशीम विकायचे, जे स्टॅफर्डशरमधल्या लीक गावी टॉमस वॉर्डल रंगवायचे. आपलंच टसर तिकडे रंगून विकलं जायचं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच थांबलो होतो. असो. लिबर्टीचे स्कार्फ सुंदर असतात पण पुष्कळ आहेत, त्यामुळे भाव बेताचा.

---

न्यूजर्सीची_शुभा
१५ जुलै, पहाटे ५:१०

किमतीबद्दल मी लिहिते. दहा वर्षं इथल्या थ्रिफ्ट स्टोअरमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांतून, स्कार्फ गोळा करते आहे.

पहिला नियम: मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकली गेलेली बघा. लिलावाच्या साइट्सवर ‘विकलेले’ अशी वेगळी चाळणी असते. एखादा दोन वर्षं हजार डॉलर लावून बसलेला असतो आणि तोच स्कार्फ दोनशेला तीनदा विकला गेलेला असतो.

माझ्या पाहण्यातले साधारण आकडे देते. एर्मेसचं नेहमीचं चित्र, चांगल्या अवस्थेत, दीडशे ते तीनशे डॉलर. ‘ब्रीद द गाला’ सुंदर आहे, पण भरपूर खपलेलं, म्हणून ते याच पट्ट्यात बसतं. दुर्मीळ चित्र किंवा दुर्मीळ रंगसंगती असेल तर पाचशेच्या वर. कर्मिट ऑलिव्हर यांची चित्रं लोक शोधत फिरतात. टेक्सासच्या वेको गावचे हे कृष्णवर्णीय चित्रकार टपाल खात्यात नोकरी करता करता एर्मेससाठी चित्रं काढत होते. ‘फ्लोरा’ साधारण शंभर ते अडीचशे. जपानी हातकडेचे दहा-वीस डॉलर, पण कापड अप्रतिम. महायुद्धानंतर जपानमधून असे खूप आले.

मशीनच्या कडेचे म्हणून आठही कचऱ्यात काढू नका. अमेरिकन डिझायनर व्हेरा न्यूमन यांचे बरेच स्कार्फ साधे आहेत, पण सहीशेजारी छोटा लेडीबग किडा असेल तर इथे त्याचे चाहते आहेत. वीस-तीस डॉलर सहज मिळतात.

आता भाव कशाने पडतो ते. डाग, छिद्र, ओढलेला तंतू, उन्हाने उतरलेला रंग, पसरलेला रंग. आणि चपटी झालेली कड. यातलं शेवटचं मी स्वतः केलं आहे. माझ्या पहिल्या चौकोनावर मी प्रेमाने इस्त्री फिरवली, कडेसकट. नळी कायमची बसली. ती पुन्हा फुगवायला वाफ देऊन पाहिली, काही झालं नाही. मधली जागा इस्त्री केली तर चालते, उलट्या बाजूने, सुती कापड ठेवून, पण कडेच्या बोटभर अलीकडे थांबायचं.

आणि एकदा फसलेही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फोटो बघून घेतला. फोटोत सही, नाव, डबा, सगळं होतं. कडेचा फोटो नव्हता आणि मी मागितला नाही. घरी आला तेव्हा मशीनची कड. पैसे परत मिळायला दोन महिने गेले. तेव्हापासून कडेचा आणि उलट्या बाजूचा फोटो नसेल तर मी बोलणंच सुरू करत नाही.

---

चौकसराव
१५ जुलै, सकाळी ९:००

परदेशात विकायचं तर पुरातत्त्व कायदा आड येईल का?

---

लंडनकर
१५ जुलै, सकाळी ९:२०

१९७२ च्या कायद्यात अशा वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट आहे. साठच्या दशकातल्या स्कार्फला तो लागत नाही.

---

काठपदर
१६ जुलै, रात्री ८:१५

आज बरंच घडलं, क्रमाने सांगते.

सकाळी रानडे रोडजवळच्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्यांनी काट्यावर स्वच्छ कागद घातला आणि हसत लगामाचा चौकोन ठेवला. चौसष्ट ग्रॅम. मशीनवाला एकतीस. दोन्ही एकाच आकाराचे! मग ते स्वतःच बाकीचे मागून घेऊ लागले. गल्ल्यावर गिऱ्हाईक थांबलं होतं तरी त्यांनी चौदाही वजनं पावतीच्या मागे लिहून दिली.

फ्लोरावर ‘गुच्ची’ नाव सापडलं. पण त्यावर रुपयाएवढा पिवळट डाग आहे, बहुतेक अत्तराचा. तसाच ठेवला आहे.

आणि आता मुख्य. आत्याचे जुने अल्बम चुलतभावाकडे होते. काल रात्री त्याने ते काढले, मी सांगितलं नव्हतं तरी. एका फोटोत आत्या तलावाच्या काठी उभी आहे, केस उडताहेत म्हणून डोक्याला स्कार्फ बांधला आहे, हनुवटीखाली गाठ. गाठीशेजारी लगामाचं बकल स्वच्छ दिसतं. फोटो रंगीत आहे, रंग तोच. पांढऱ्या किनारीवर छापलं आहे: ‘जुलै ६८’. मागे आत्याच्या अक्षरात लिहिलं आहे: ‘जिनिव्हा. वारा फार.’

भाऊ म्हणाला, लगाम विकायचा नाही.

---

ल्योंकर
१६ जुलै, रात्री ८:३०

वा! यापेक्षा भक्कम पुरावा मिळत नाही. किनारीवरची तारीख फोटो छापल्याची असते, म्हणजे स्कार्फ जुलै १९६८ च्या आधीचा, १९५७ च्या नंतरचा. अकरा वर्षांच्या खिडकीत आला. उद्या कधी विकायचा झालाच तर त्या फोटोची प्रत सोबत द्या, मूळ फोटो देऊ नका.

---

रसायनवाला
१६ जुलै, रात्री ९:१०

डाग काढू नका हे योग्य केलंत. घरगुती साबण आम्लारीधर्मी असतो, त्यात रेशमाचे रंग सुटतात आणि पांढऱ्या जमिनीवर पसरतात. ब्लीच तर बाटली उघडी सुद्धा जवळ नको, त्यात रेशीम अक्षरशः विरघळतं. जुन्या कापडांचं काम करणाऱ्यालाच दाखवा, आणि आधी डागाचा फोटो काढून ठेवा.

ठेवताना डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा. आत्याबाईंनी धोतराचं कापड वापरलं ते अगदी बरोबर होतं. घडी दर सहा महिन्यांनी बदला, कारण रेशीम घडीवरच आधी विरतं. पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर स्कार्फ गुंडाळला तर घडीच नको.

---

टाकाधागा
१६ जुलै, रात्री ९:४०

जपानी चौकोनाचा कडेचा फोटो टाकाल का? भाव दहा डॉलर असू दे, मला टाके बघायचे आहेत.

---

काठपदर
१७ जुलै, सकाळी ८:००

टाकते आहे ताई. भिंगातून घेतला आहे. दोरा मलाही दिसला नाही.

ठरलं ते असं: लगाम, फ्लोरा आणि जपानी घरातच राहणार. हातकडेचे उरलेले तीन आधी नीट ओळखायचे, मग बघू. मशीनच्या आठांत लेडीबग शोधला, एकही नाही. त्यातले चार भाचीने मागितले, दिले. सात हजारवाल्यांना फोन करून नाही सांगितलं.

---

नवखा_वाचक
१७ जुलै, दुपारी २:२५

धागा वाचतो आहे पहिल्यापासून. माझ्याकडेही एक आहे, म्हणून विचारतो. पणजोबा महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, विमानदळाच्या तळावर. त्यांच्या पेटीत रेशमी कापडाचा एक मोठा तुकडा आहे. दोन्ही बाजूंनी नकाशा छापलेला, नद्या, गावं, डोंगर. नाव नाही, सही नाही. कड तर मुळीच नाही, नुसतं कापलेलं आहे आणि तंतू सुटताहेत. आई म्हणते स्कार्फच असणार, पिको करून वापर.

---

लंडनकर
१७ जुलै, दुपारी २:४०

थांबा! तो स्कार्फ नाही. तो वैमानिकांचा सुटकेचा नकाशा आहे. शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर वाट सापडावी म्हणून ब्रिटिशांच्या एमआय-नाइन या गुप्त विभागाने ते रेशमावर आणि रेयॉनवर छापून घेतले. कागदाचा नकाशा पाण्यात लगदा होतो आणि उघडताना आवाज करतो. रेशमाचा बुटात किंवा कोटाच्या अस्तरात शिवता येतो, भिजला तरी वाचता येतो. लीड्सच्या वॉडिंग्टन या छपाईवाल्यांनी त्याचं बरंच काम केलं. शाई पसरू नये म्हणून तिच्यात पेक्टिन मिसळायचे, जे जॅममध्ये घट्टपणासाठी वापरतात. युद्धानंतर उरलेले नकाशे स्वस्तात विकले गेले आणि लोकांनी त्यांचे कपडेही शिवले.

कड नाही हेच त्याचं लक्षण. फोटो टाका: दोन्ही बाजू, चारही कोपरे, आणि कोपऱ्यात काही आकडे किंवा अक्षरं असतील तर ती जवळून.

---

टाकाधागा
१७ जुलै, दुपारी २:५०

आणि पिकोला देऊ नका हो. सुटलेले तंतूही कापू नका, मलमलीत ठेवा.

---

नवखा_वाचक
१७ जुलै, दुपारी ३:०५

आईने सकाळीच दिला आहे पिकोवाल्याकडे. निघालो, दुकान चारला उघडतं.

---

नवखा_वाचक
१७ जुलै, दुपारी ४:२०

मिळाला. अजून मशीनवर घेतला नव्हता, साड्यांच्या ढिगाखाली होता. फोटो रात्री टाकतो.